कुंपणाशी लावलेली कळलावी

मंडळी, आज थोडक्यात निभावलं.

गौरीपूजनाला फुलं हवीत म्हणून मी पोलादपूरच्या डोंगरातली कळलावी आणून कुंपणाशी लावली होती, उकडून खायच्या कणगरांच्या शेजारी. थंडीत दोन्ही वेल वाळले की सारखेच दिसतात.

आज शाळा सुटल्यावर घरी आले, तर सासूबाई कंद उकडत होत्या. पातेल्यात एक नांगरासारखा वाकडा दिसला. कळलावीचा. विषारी!

"आई, कुणी खाल्लं का यातलं?"

"नाय गो. पहिली उकडली ती शेजारी दिली."

तशीच अनवाणी धावले. शेजारच्या काकू मीठ आणायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या. ताटात तसाच वाकडा कंद, सोलून ठेवलेला.

फुलांचे फोटो मी तुम्हा सगळ्यांना पाठवले होते. खाली काय पुरलंय, ते घरात सांगितलंच नव्हतं.

तुम्ही सांगितलंय?