कर्णिक काका आणि ओट्यामागचं थालीपीठ

थांबा, आधी हे ऐका, बाकी सगळं नंतर. काल ठाण्यात, बाळकुमला कर्णिक काकांच्या नव्या घरी जाऊन आले आणि तेव्हापासून माझ्या पोटात काही राहत नाहीये. सांगूनच टाकते.

कर्णिक काका म्हणजे आमचे डोंबिवलीचे, समोरच्या दारातले. सोसायटीचे सेक्रेटरी. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत जन्मभर माल तपासला, आणि रिटायर झाल्यावर तपासायला माल उरला नाही म्हणून आम्हाला तपासायला लागले. दार उघडावं तर समोर हे उभे, हात मागे बांधून. माझी चप्पल वाकडी दिसली की "रिजेक्ट!" आईची रांगोळी बघून, "वहिनी, डावीकडची पाकळी फुगल्ये. रिजेक्ट!" बारावीचा रिझल्ट लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेलेले. काकांनी डोळे मिटून पेढा चघळला आणि म्हणाले, "मार्क ठीक आहेत. पेढा रिजेक्ट." आणि दुसरा उचलला.

आता अशा माणसाच्या घरी कोण यावं? कासव! तेही साधं नाही, पॅनकेक कासव. आफ्रिकेतल्या खडकांच्या फटींत राहणारं, एकदम चपटं, जणू कोणी त्याच्यावर चुकून बसलंय. त्यांच्या मुलीने, प्राचीताईने पाळलेलं, नोंदणीबिंदणी करून अगदी रीतसर. ती कॅनडाला गेली आणि ते राहिलं आईबाबांच्या गळ्यात. तो चपटा गोल आकार आणि पाठीवरच्या काळ्या-पिवळ्या रेघा बघून काकूंनी लगेच नाव ठेवलं, थालीपीठ. काका मात्र "तो प्राणी" म्हणायचे. पहिल्या दिवशी त्याला तळहातावर घेऊन, चष्मा वर करून म्हणाले, "याची जाडी कमी आहे."

"मग पाठवा परत आफ्रिकेला," काकू म्हणाल्या, "सोबत तुम्हीही जा, तिकडे तपासायला बरंच असेल."

पण खरं सांगू? काकांनी त्या प्राण्याचं जे केलं ना, तोड नाही. कोणाच्यातरी किचनचे उरलेले कडप्प्याचे तुकडे आणून, एकावर एक रचून, त्याला लपायला फटी केल्या. वर गरम दिवा, बाजूला उन्हाच्या किरणांचा वेगळा दिवा, खाली कोरडी माती. खायला वाळलेलं गवत, शेवग्याचा पाला आणि जास्वंदीचं फूल. पावसाळ्यात आख्ख्या बिल्डिंगचे कपडे वाळत नव्हते आणि ह्यांच्या बेडरूममध्ये आफ्रिका चालू. काकू तिथेच पापड ठेवायच्या. बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी यायचं सांगायला, "कासव उत्तरेला पाण्यात ठेवा हो, भरभराट होते." काका थंडपणे म्हणायचे, "याला पोहता येत नाही. बुडून मेलं तर तुमच्या भरभराटीला चालेल?"

आणि मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. काकांना काय, रानच मोकळं! रोज ग्रुपवर मेसेज. घर वेळेत रिकामं करणे. किल्ल्या वेळेत देणे. दिरंगाई करणाऱ्यांची नावं खाली फळ्यावर लावण्यात येतील. माझ्या आईने एक दिवस जास्त मागितला तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या एका मिक्सरसाठी बिल्डिंग थांबणार नाही."

शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या किल्ल्या जमा. फक्त काकांचा टेम्पो भरायचा बाकी. हमालांनी लोखंडी कपाट ओढलं, फरशीवर असा काही किंचाळल्यासारखा आवाज झाला की थालीपीठ खोक्याच्या कडेवर चढून बाहेर पळालं. हो, पळालं! हे कासव पळतं, मी बघितलंय, उंदरासारखं. ते सरळ किचनमध्ये गेलं, आणि ओट्याखालचा उभा कडप्पा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत घुसलं. काकांनी पाय धरून ओढलं. त्याने पाय रोवले आणि अजून आत गेलं. काकांनी परत ओढलं. ते अजून आत.

काकूंनी प्राचीताईला व्हिडिओ कॉल लावला. ती तिकडून ओरडतेय, "बाबा, ओढू नका! ते असंच अडकून बसतं. पाठ मऊ आहे त्याची, मोडेल! दिवा लावा, जास्वंद ठेवा, आणि गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प, बाबा. जमेल?"

बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, ओटा फोडून देऊ का? दोन मिनिटाचं काम आहे."

"कडप्पा खाली पडला तर कोणावर पडेल?" काकांनी विचारलं.

झालं. आख्खी सोसायटी खाली उभी, तोडकामवाले उभे, टेम्पोवाला शिव्या देतोय आणि सेक्रेटरी किल्ली देत नाहीत. मी खाली गेले आणि फळ्यावर खडूने लिहिलं: कर्णिक. ठळक. खाली डबल रेघ. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

वर आले तर काका रिकाम्या किचनमध्ये फरशीवर बसलेले. समोर दिवा, दिव्याखाली जास्वंद. मी म्हटलं, "काका, तुमचं नाव लागलं." नुसती मान हलवली. चपलांबद्दल एक शब्द नाही! बिल्डरचा माणूस येऊन वाट्टेल ते बोलून गेला, तरी हे गप्प. हात गुडघ्यावर, नजर फटीवर. चेहरा असा उतरलेला की मला हसायचं होतं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फटीतून आधी नाक आलं, मग मान. काका श्वाससुद्धा घेत नव्हते. थालीपीठ खरडत बाहेर आलं आणि फुलाचा लचका तोडला. काकांनी अलगद उचलून त्याला खोक्यात ठेवलं आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

दारात काकू उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "तीस-पस्तीस वर्षं मीही ह्याच ओट्यापाशी होते. माझ्यासाठी एवढा वेळ गप्प बसलेलं कोणी आठवत नाही."

आणि काका काय म्हणाले असतील? "तक्रार होती तर लेखी द्यायचीस."

देवा! काकू हसल्या नाहीत. ओट्यावरची किल्ली उचलली आणि स्वतः खाली जाऊन देऊन आल्या.

तर, काल बाळकुमला गेलेले. टॉवरमधलं भाड्याचं घर, बाविसावा मजला, ऊन भरपूर. थालीपीठ मजेत. काकू दिसेनात, म्हणून काकांना विचारलं.

"चिपळूणला गेल्ये. बहिणीकडे."

"कधी येणार?"

"माहीत नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"नाही." मग जरा थांबून म्हणाले, "संध्याकाळी तिचा फोन येतो. मी ऐकतो. काल मध्येच बोललो, तर तिने ठेवला."

तेवढ्यात फोन वाजलाच. काकांनी मला बोटाने गप्प केलं आणि सोफ्याच्या टोकावर ताठ बसले. पलीकडून काकू बोलत होत्या, बराच वेळ, बऱ्याच जुन्या गोष्टी असाव्यात. काका नुसते "हं… हं…" एकदा तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. कान लालबुंद झालेले, पण माणूस बोलला नाही.

मी हळूच दार ओढून निघाले.

सांगा ना, तुमच्याकडे आहे का असा कोणी, ज्याला कासवासाठी गप्प बसणं एका दिवसात जमलं आणि बायकोसाठी अजून शिकणं चालू आहे? की असला नमुना फक्त आमच्याच मजल्यावर होता?