बाबांकडे उरलेला एकच शब्द

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी कमेंटमध्ये डोकं खाणार नाही... मी यवतमाळच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. अंगात येणं, बाहेरचं लागणं, नजर काढणं — आमच्या घरात या गोष्टींना कधीच थारा नव्हता. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले गंडेदोरे सगळे चुलीत घातले. आम्ही तिसरी पिढी. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं, आणि तेव्हा खोलीत मी एकटी नव्हते. माझा मोठा भाऊ होता, आणि तो माझ्यापेक्षा दुप्पट नास्तिक!

माझे बाबा पांढरकवड्याला तहसील ऑफिससमोर अर्जनवीस होते. कडुनिंबाखाली टेबल टाकून, टाइपरायटरवर लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. जमिनीची वाटणी, निराधारची पेन्शन, रेशन कार्डातली चूक... कोलामाच्या पोडावरून, म्हणजे पाड्यावरून, आलेली म्हातारी तासभर रडून जे सांगायची ते बाबा चार ओळींत बसवायचे. म्हणायचे, “शब्द म्हंजे मशीनचा स्क्रू आहे बेटा. एक ढिला राह्यला का सारी मशीन खडखडते.” शब्दाला ते फार मानायचे. पण औजार म्हणून. त्यात देव-बिव काही नाही.

शेजारी एस्तेर मावशी. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, ख्रिस्ती. माझी आई त्यांची जिवलग मैत्रीण. आई गेल्यावरही मावशी संध्याकाळी चहाला यायच्या आणि बाबांशी वाद घालायच्या. मावशी त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, रोज मोठ्यानं वाचायच्या. एकट्या असल्या तरी मोठ्यानंच.

बाबा चिडवायचे, “बाई, पुस्तक तर मुकं आहे. त्याले आइकू येते का?”

“भाऊ, मी पुस्तक वाचून नाही राह्यली,” मावशी म्हणायच्या. “कोणीतरी बोलून राह्यलं, ते आइकून राह्यली. तुम्ही अर्ज लिहिता, तो साहेबानं वाचला का संपला. हे तसं नाही. हे ज्यानं सांगितलं तो अजून बोलूनच राह्यला आहे. आमच्यात तर म्हणतात का दुनियाच बोलण्यातून झाली. आधी बोलणं, मग उजेड.”

“अन् त्या नावांच्या याद्या? अमक्याचा पोरगा तमका, तमक्याचा पोरगा ढमका... त्या कायले वाचता?”

“तुमच्या अर्जात पहिले काय राहते? अर्जदाराचं नाव, त्याच्या बापाचं नाव. तुमच्या साहेबाले नाव लागते, अन् माह्या देवाले लागणार नाही? ती माणसं त्याच्या ध्यानात आहेत, म्हणून लिहिली.”

यावर बाबा हसायचे आणि दुसरा कप मागायचे. हे असं वर्षानुवर्षं. कोणी कोणाला बदलायला निघालं नव्हतं.

मग बाबांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय, आणि बोलणं. डॉक्टर म्हणाले, अफेजिया. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. आख्ख्या मराठीतला एकच शब्द बाबांकडे उरला — “नाही”. चहा हवा का? “नाही.” आणि डावा हात पुढे करून कप घ्यायचे. पाय दुखतो का? “नाही.” आणि डोळ्यांत पाणी. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचं म्हणणं मांडलं त्याला स्वतःचं एक म्हणणं मांडता येईना... ते बघणं फार कठीण होतं हो.

मावशी रोज येऊन जवळ बसायला लागल्या. त्यांचं रोजचं वाचन त्या बाबांजवळ करायच्या. आधी एक स्तोत्र, मग क्रमानं पुढचा भाग. बाबा डोळे मिटून शांत पडायचे. मी कॉलेजमधून सुट्टी काढून तिथेच होते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण मिलिंददादा नागपूरहून आला आणि त्यानं ते बघितलं. तो ओरडला नाही. हळू आवाजातच म्हणाला, “मावशी, राग मानू नका. आमच्या आजोबांनी आपला धर्म स्वतः निवडला होता, कोणी कानात सांगितला म्हणून नाही. बाबा बोलू शकत नाहीत. त्यांना हे चालतं की नाही हे तुम्हाला कसं कळणार?”

मावशींनी पानात बोट ठेवलं. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, नको वाचू?”

बाबा म्हणाले, “नाही.”

म्हणजे काय? ‘वाचू नका’ की ‘थांबू नका’? बाबा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. कपाळाची शीर ताठ झालेली. पुन्हा म्हणाले, “नाही, नाही...”

मावशींनी पुस्तक मिटलं. “बरोबर आहे बेटा तुहं,” त्या दादाला म्हणाल्या. “ज्याले हो म्हणता येत नाही, त्याच्या ‘नाही’ले मान द्याच लागते.” आणि उठून गेल्या. बाबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

नंतर मी बाबांना यवतमाळला माझ्याकडे आणलं. इथे फिजिओथेरपी सोयीची, बोलण्याची थेरपी देणाऱ्या एक मॅडमही होत्या. त्या चित्रं दाखवायच्या — गाय, घर, पाणी. बाबा चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि यायचा तो “नाही”च. शेवटी शेवटी तर ते कार्ड हातानं ढकलून द्यायचे. मावशी त्या सुमारास राळेगावला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. फोनवर नेहमी विचारायच्या, बाबा कसे आहेत. वाचनाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता त्या रविवारचं.

मे महिना, दुपारची जेवणं झालेली. यवतमाळचं ऊन तुम्हाला माहीत आहे — खिडक्या बंद, पडदे ओले, आणि कूलर असा घरघरतोय की शेजारच्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं. दादा नागपूरहून आला होता. बाबा कूलरसमोर दिवाणावर पडलेले. मी भांडी आवरत होते.

दादा एकदम आत आला. “प्रज्ञा... बाबा बोलताहेत.”

मी धावत गेले. बाबा छताकडे बघत होते. ओठ हलत होते आणि शब्द येत होते... स्पष्ट! अडखळणं नाही, बोबडेपणा नाही. कोणीतरी सांगतंय आणि आपण म्हणतोय, अशा चालीत. मी वाकून कान लावला. पहिला शब्द ऐकू आला तो — “ढोरकी”.

 हा शब्द मावशींचा होता. स्तोत्रात मेंढपाळ आला की त्या वाचता वाचताच ढोरकी म्हणायच्या. म्हणायच्या, “आपल्या इकडं मेंढ्या कोणाकडं आहेत? ढोरकी म्हटलं का सारं समजते.” बाबा पुढे चारा म्हणाले, पाणवठा म्हणाले. सगळे मावशींचे शब्द.

“हे तू ऐकवतेस त्यांना?” दादाचा पहिला संशय माझ्यावर. “रेकॉर्डिंग आहे ना?” त्यानं उशी उचलून बघितली, चादर झटकली, दिवाणाखाली वाकून बघितलं. मोबाइल नव्हता. बाबा बोलतच होते, आमच्याकडे लक्षच नाही.

“पाठ झालं असेल,” मी म्हणाले. “थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या होत्या, गाणी, प्रार्थना, पाठ असलेलं कधी कधी येतं. बोलणं गेलं तरी.”

“मग हे मावशींनीच पाठ करून घेतलं,” दादा म्हणाला आणि त्यानं रागानं सरळ मावशींना फोन लावला. फोन त्यांच्या लेकीनं उचलला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. “आई वाचून राह्यली आहे दादा, थांबा, देते—”

  फोन कानाला लावून दादा तसाच उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्यानं फोन माझ्या हातात दिला.

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. मधे जाळीचं दार, दिवाण त्याला लागूनच. डाव्या कानात राळेगावहून मावशींचा आवाज, उजव्या कानात कूलरच्या घरघरीतून बाबांचा. दोन्ही कानांत एकच वाक्य चालू होतं. स्पीकर बंद होता. दादा बाबांच्या उशाशी उभा राहून मला हातानं खुणावत होता, इथे फोनचं काहीही ऐकू येत नाही. आणि फोनचा आवाज तर जरा उशिरानेच पोचतो ना? बाबा उशिरा नव्हते. अर्धा शब्द पुढेच होते.

स्तोत्र संपलं. मावशींनी पान उलटलं, बाबा थांबले. मग मावशी पुढचा भाग वाचायला लागल्या... आणि ती नावं होती. कोणत्या दूरच्या देशातल्या, कोणत्या काळातल्या माणसांची नावं, जोडाक्षरांनी भरलेली. अमक्याचा पुत्र तमका. असली नावं पाठ कोणाला असतात? स्वतः मावशीसुद्धा अडखळत वाचत होत्या. एका नावावर त्या चुकल्या, थांबल्या, “थांब, थांब” असं स्वतःशीच म्हणाल्या आणि ते नाव मागे येऊन नीट म्हणाल्या.

आत बाबा चुकले. थांबले. मागे आले. नीट म्हणाले.

 मी गॅलरीतच खाली बसले. भीती वाटली का? प्रामाणिकपणे सांगते, नाही. रडू येत होतं.

वाचन संपलं. मावशींनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. त्यांच्या लेकीनं त्यांना फोन दिला असावा, कारण मावशी म्हणाल्या, “हॅलो? कोण, मिलिंद? काय झालं बेटा?”

“मावशी, मी प्रज्ञा, एक मिनिट,” म्हणून मी जाळीला कान लावला. कारण आत बाबा थांबलेच नव्हते.

आता ते आमची नावं घेत होते. त्याच चालीत, त्याच शांत आवाजात. पणजोबांचं नाव, मग त्यांचा पुत्र — म्हणजे आमचे आजोबा. मग स्वतःचं नाव. मग आईचं. मग मिलिंद... दादानं तोंडावर हात ठेवला होता. यानंतर माझं नाव यायला हवं होतं. नाही आलं. मधे आणखी एक नाव आलं — करुणा. आणि मग, प्रज्ञा.

मग बाबांनी डोळे मिटले आणि त्यांना गाढ झोप लागली.

आम्हाला करुणा नावाचं कोणी माहीत नव्हतं. मी मावशींना विचारलं. त्यांनी आधी लेकीला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “तुह्या आईनं सांगतलं नव्हतं तुम्हाले? मिलिंदच्या पाठची होती. चारच दिवस राह्यली. मीच ड्युटीवर होती. तुह्या बाबानंच नाव ठेवलं तिचं, गेल्यावर. मंग कोणीच कधी घेतलं नाही.” आणि मग हुंदका दाबत विचारलं, “भाऊनं घेतलं का ते?”

त्या दिवसानंतर बाबांचं बोलणं परत येऊ लागलं. एकदम नाही — आधी घरातली नावं, मग पाणी, चहा, मग लहान लहान वाक्यं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. भला माणूस, हसले नाहीत. म्हणाले, पाठांतर मेंदूच्या वेगळ्या भागात असतं, शिवाय अशी सुधारणा कधी कधी आपोआप होते. मी म्हटलं, आणि ते चुकणं? नावांची ती यादी तर मावशींनी बाबांसमोर कधी वाचलीच नव्हती, मी खात्री करून घेतली होती. ते म्हणाले, त्याचं मला सांगता येणार नाही. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मले काय मालूम? मी तर रोजच्यासारखी वाचत होती. भाऊ नाहीत म्हणून का वचन थांबते?”

दादानं मावशींची माफी वगैरे मागितली नाही, तो तसला नाही. पण स्वतः गाडी घेऊन राळेगावला गेला आणि त्यांना घेऊन आला. म्हणाला, “मावशी, बाबांजवळ वाचाल का?”

“मले नको विचारू, त्यायले विचार,” मावशी म्हणाल्या. “आता त्यायले हो म्हणता येते न.”

बाबा उशीला टेकून बसले होते. एकेक शब्द जुळवत म्हणाले, “हो. पण... मी वाद घालीन.”

मावशी अशा काही हसल्या की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

कोणाचा धर्म बदलला नाही, हे मुद्दाम सांगते. बाबा आजही सकाळी वंदना घेतात, आता थोडी अडखळत. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एका चार दिवसांच्या मुलीसाठी फुलाची जागा झाली आहे, एवढाच काय तो बदल.

त्या दुपारचं बाबांना आठवतं का, हे मी एकदा विचारलं होतं. बराच वेळ शब्द शोधून ते म्हणाले, “कोणीतरी सांगत होतं. मी... मागून म्हणत होतो. सगळी नावं.”

मी हे दादाला फोनवर सांगितलं. तो इंजिनिअर माणूस, प्रत्येक गोष्टीला कारण लागतं त्याला. मला वाटलं, काहीतरी थिअरी मांडेल. त्यानं बाबांचं ते वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, “प्रज्ञा, मावशींनी तर पुस्तक मिटलं होतं ना? मग आपली नावं बाबांना कोण सांगत होतं?”