झुलालचा ऊस आणि हिलालची शिक्षा

"बसलं की मला सुचत नाही," जीवराम वकील नेहमी म्हणायचे. धुळ्याच्या कोर्टात त्यांना बसलेलं आम्ही कुणी पाहिलं नाही. सरकारी वकील बोलत असले की हे मागच्या भिंतीजवळ उभे, उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. गुन्हा शाबीत झाला की बाकीचे वकील कागद आवरत. यांचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. शिक्षा होण्याआधी ते आरोपीच्या गावी जाऊन यायचे, त्याचं घर, शेत, शेजार पायाखाली घालायचे.

सन बत्तीसच्या उन्हाळ्यात ते पांझरेकाठच्या आमच्या गावी आले, ते हिलालसाठी.

आमच्याकडे बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडात, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र भिजणाऱ्या शेतांत येतं, आणि ज्याची पाळी त्याचं पाणी. हिलालच्या पाळीत त्याचा चुलतभाऊ झुलाल यानं पाट फोडून पाणी आपल्याकडे वळवलं. हिलालनं फावड्याचा दांडा हाणला. झुलालचा उजवा हात मोडला. फडाच्या पंचांनी निवाडा दिला, हात बरा होईपर्यंत झुलालच्या उसाला हिलालनंच पाणी भरायचं. हिलाल मुकाट्यानं भरू लागला. झुलालची फिर्याद आधीच पोलिसांत गेली होती, तरी त्याला वाटलं, झालं, मिटलं. म्हणून कोर्टानं विचारलं तेव्हा तो छाती काढून म्हणाला, "हा, मारं मी. ते तं मिटनं." पहिलं वाक्य लिहून घेतलं गेलं. दुसरं कुणी लिहिलं नाही.

आता शिक्षा तेवढी उरली होती. सरकारी वकिलांनी दोन वर्षं सक्तमजुरी मागितली.

जीवराम वकील पुढे आले. "साहेब, याला माफ करा असं मी म्हणत नाही. परवा मी तो ऊस पाहून आलो. कमरेएवढा झालाय. या उन्हात एक पाळी चुकली तर जळेल. फिर्यादीचा हात अजून उचलत नाही, घरात दुसरा गडी नाही. याला आत पाठवलंत, तर ज्याचा हात मोडला त्याचाच ऊस वाळेल."

"जीवरामपंत, कोर्ट काय पाटकरी नेमायला बसलंय?" सरकारी वकील म्हणाले. लोक हसले.

"पंचांनी नेमलाय, साहेब. तुम्ही फक्त काढू नका."

जज्जसाहेबांनी झुलालकडे पाहिलं. "याला सोडावं असं वाटतं तुला?"

जीवराम वकिलांचं उपरण्यात गुंडाळलेलं बोट पांढरं पडलं.

"सोडा आसं मी नही म्हनस, साहेब," झुलाल म्हणाला. "मना हात मोडा त्यानी. सजा द्या. पन आधी ऊस निंघू द्या."

कुणी हसलं नाही. साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग सांगितलं, वर्षभराचा चांगल्या वर्तणुकीचा मुचलका. पुन्हा हात उचलला, तर बोलावून शिक्षा. जामीन कोण राहतो?

हिलालचा राग सगळ्या गावाला ठाऊक. आम्ही आपापल्या पायांकडे पाहू लागलो. जीवराम वकील एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत फिरले.

"छगन आबा, तुम्ही?"

"मी पिकलं पान, नाना. मला कशात गुंतवता?"

जामीन नसेल तर हिलालला आत जावं लागणार होतं. पोलीस पुढे सरकलाही. तेव्हा झुलाल उठला.

"आना इकडे. ऊस मना शे."

त्यानं जामिनाच्या कागदावर डावा अंगठा उठवला. हिलाल हळूच म्हणाला, "आनि मी पळनू तं?"

"पळ ना. तुना बैल मना गोठामा बांधसू."

बाहेर निंबाखाली हिलालची बायको भागाबाई बसली होती. नवऱ्याला तुरुंगात द्यायला आणलेल्या भाकरी तिनं फडक्यातून सोडल्या. "वकीलनाना, दोन घास खाईसन जा."

"नको, अक्का. पलीकडच्या कोर्टात शिंदखेड्याच्या एका गड्याची शिक्षा आहे. त्याच्याकडे कुणीच नाही."

ते तापल्या आवारातून निघाले, उपरणं एका खांद्यावरून घसरलेलं. भागाबाई भाकरी हातात धरून पाहत राहिली. तिच्यामागे दोघे चुलतभाऊ, मध्ये हातभर अंतर ठेवून, तेही तिकडेच पाहत होते.