अठराव्या मिनिटाचे चार सेकंद

सर फळ्याकडे वळले की तिचा तास बंद पडायचा. ती पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसायची आणि सरांच्या ओठांवरून शिकायची. पाचवीत असताना तापात तिचं ऐकणं गेलं. बोलणं टिकलं, पण तेही पाचवीतल्या वळणावरच थांबलं. कॉलेजात आल्यावर आम्ही बाकीच्या खेड्यातल्या मुली घाईघाईने 'आहे', 'नाही' म्हणायला शिकलो. ती अजून 'हाय' आणि 'न्हाई'च म्हणते, कारण आम्ही बदललो हे तिला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या वर्षी भूगोलाचे तास रेकॉर्ड करून कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सवर टाकायचं ठरलं. व्हिडिओखाली कॅप्शन असावीत म्हणून तिने अर्ज दिला. तो अर्ज सरांनीच पुढे रेटला, हे मी आधी सांगितलं पाहिजे. सर वाईट नाहीत. कमवा-शिका योजनेत मी तोवर कॉलेजच्या बागेत पाणी घालत होते, तिथून सरांनीच मला कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवलं. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "सरांच्या मर्जीतून उतरू नको." आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. मर्जी म्हणजे काय आणि ती किती जपायची, हे मला विचारायला कुणी नव्हतं.

काम असं होतं. यंत्र आधी स्वतःच्या मनाने कॅप्शन लिहायचं. 'बेसाल्ट' म्हटलं की 'बस आली' लिहायचं. मी तीन-तीन, चार-चार सेकंदांचे तुकडे ऐकून ते दुरुस्त करायचे. कोर्सचं काम बघणाऱ्या मॅडमनी मला नियमांचा एक कागद दिला होता. कोण बोलतंय ते लिहा. आवाज कंसात लिहा. काही गाळू नका, काही पदरचं घालू नका. ऐकणाऱ्याला जे मिळतं ते सगळं वाचणाऱ्याला मिळालं पाहिजे. हा कागद मला फार आवडला होता. मी खडूचा आवाज लिहायचे, पंख्याची कुरकुर लिहायचे. एकदा बाहेर कावळा ओरडला तर तोही लिहिला. ती वाचून हसली. "आपल्या कॉलेजात कावळा हाय? मला वाटलं, नुसती कबुतरं."

मग पर्जन्यछायेचा तास आला. घाटाच्या पलीकडे धो धो आणि आपल्या नगरकडे कोरडं का, ते सर समजावत होते. अठराव्या मिनिटाला त्यांनी प्रश्न विचारला. ती मान खाली घालून वहीत घाटाची आकृती काढत होती. मागून कुणी तरी म्हणालं, "सर, तिला विचारा." आणि सर कॅमेऱ्याच्या बाजूला बघून हसत म्हणाले, "तिला कशाला? तिकडं रेंजच नाही!"

वर्ग हसला. त्याआधी एक हसणं वेगळं, स्पष्ट ऐकू येतं. माइक पहिल्या बाकाजवळ होता. ते हसणं माझं आहे.

हेडफोन लावून मी ते सहा-सात वेळा ऐकलं. तासाला मी हसले होते हे मला आठवतही नव्हतं. माझे वडील नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं प्रेस मशीनवर आहेत. आता त्यांना दोनदा हाक मारावी लागते. आई म्हणते, "यांच्यापुढं ढोल आना कुनी." आम्ही सगळे हसतो, वडीलही हसतात. आमच्या घरात ऐकू न येणं हा हसण्याचाच विषय आहे. ते हसणं मी घरून घेऊन आले होते, असं मी स्वतःला सांगितलं. पण ऐकताना ते तसं वाटत नव्हतं. ते सरांना खूश करणारं हसणं होतं.

त्या चार सेकंदांच्या जागी मी लिहिलं, 'पुढचा मुद्दा पाहू.' हशा लिहिला नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं तेव्हा मला खरंच वाटत होतं.

तिने तो व्हिडिओ अर्ध्या वेगाने पाहिला. एक गोष्ट मी विसरलेच होते. मी कॅप्शन लिहायला लागले म्हणून काही तिने ओठ वाचणं सोडलं नव्हतं.

दुपारी ती लॅबमध्ये आली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. "अठराव्या मिनटाला सर काय म्हनले?"

"लिहिलंय की. पुढचा मुद्दा पाहू."

"न्हाई. 'प'ला ओठ मिटतात, 'म'ला मिटतात. सरांचे एकदा बी मिटले न्हाईत." तिने तेवढा तुकडा पुन्हा लावून दाखवला. ती खरं बोलत होती. चार सेकंद सरांचे ओठ उघडेच होते. "माझ्याबद्दल हाय का?"

मी कीबोर्ड पुढे ओढला. सरांचं वाक्य टाइप करून दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"लई भारी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "हसले सगळे?"

मी मान डोलावली.

"आनि तू?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी तिच्याशी नेहमी बोलते तसं सावकाश, प्रत्येक शब्द नीट उमटेल असं बोलले. "मी नाही हसले."

तिचा चेहरा सैल झाला. सरांच्या ओठांवरून तिने माझं खोटं पकडलं होतं, पण हसणं फक्त आवाजात होतं आणि तिथे तिला जाता येत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तसं बोलले.

त्याच दिवशी मी सरांचं वाक्य कॅप्शनमध्ये घातलं. खाली कंसात 'विद्यार्थी हसतात' लिहिलं. नियमाप्रमाणे आवाज ओळखता येत असेल तर कोणाचा तेही लिहायचं असतं. ते मी लिहिलं नाही.

दोन दिवसांनी सरांनी बोलावलं. "अगं, हे कशाला घातलंस? गंमत होती ती. आपलीच पोरगी आहे."

"काही गाळायचं नाही असं कागदात आहे, सर," मी म्हणाले.

"बरोबर आहे तुझं," सर जराही न चिडता म्हणाले. "मग व्हिडिओतूनच काढू. तिथं नसलं की इथं लागणार नाही." संध्याकाळपर्यंत ते चार सेकंद कापले गेले. आता प्रश्न विचारून झाला की सर एकदम डावीकडून उजवीकडे गेलेले दिसतात. कॅप्शन चोख जुळतात. मॅडमनी कामाचं कौतुक केलं.

मी तिला सांगितलं, की कापलं. मला वाटलं ती भांडेल. निदान मॅडमकडे तरी जाईल.

"कापू दे," ती म्हणाली. "तू दाखवलंस ना, बास."

ती मॅडमकडे गेली, पण दुसऱ्याच कामासाठी. अर्थशास्त्राचे तासही आता रेकॉर्ड होणार होते आणि ते काम दुसऱ्या मुलाला दिलं होतं. तिने अर्ज लिहिला आणि देण्याआधी मला वाचायला दिला. त्यात होतं, कॅप्शनचं काम याच विद्यार्थिनीकडे असावं, कारण ती काही लपवत नाही. मी अर्ज परत दिला. "शुद्धलेखन बघितलंस ना?" तिने विचारलं. मी म्हणाले, "बरोबर आहे सगळं."

आता दोन्ही विषय माझ्याकडे आहेत. मी पूर्वीपेक्षा जास्त लिहिते. खुर्ची सरकली, कुणी खोकलं, शेवटच्या बाकावर पेन पडलं, सगळं. ती म्हणते, "येवढं कशाला? डोळे दुखतात माझे."

न कापलेली मूळ फाईल माझ्या पेनड्राइव्हवर आहे. त्या फाईलसाठी मी पूर्ण कॅप्शन केलं आहे, नियमाप्रमाणे, अठराव्या मिनिटाला माझं नाव घालून. पेनड्राइव्ह रोज दप्तरात असतो. रोज ती माझ्या शेजारी बसते आणि सर फळ्याकडे वळले की माझ्या वहीत बघते.