बोळातली खिडकी आणि चॉकलेटी रंग

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी आठवण झाली ती रंगाची. नवरा मुलगा काय करतो, माणसं कशी आहेत, हे सगळं नंतर. पाहुणे येणार, भिंतीकडं बघणार आणि त्यावरून आमची लायकी ठरवणार, अशी बाबांची पक्की समजूत. मी एवढं शिकले, पुण्यात नोकरी केली, ते राहिलं बाजूला. माझी किंमत शेवटी डिस्टेंपरवर येऊन थांबली.

भिंती पेंटरनं केल्या. खिडक्यांवर गाडी अडली. पॉलिश पेपर न मारताच हा ऑईल पेंट फासायला निघालाय, असा बाबांनी त्याच्यावर आरोप ठेवला. पेंटर म्हणाला, "मारलाय की काका." बाबांनी चौकटीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, वास घेतला आणि निकाल दिला, "न्हाय मारला." उभा जन्म सरकारी हापिसात दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढण्यात गेलेला माणूस. पेंटरनं ब्रश धुतला आणि गेला. खिडक्या बाबांच्या वाट्याला आल्या, म्हणजे पर्यायानं आमच्या.

रंग दोन होते. आतून आयव्हरी, बाहेरून चॉकलेटी. मग खिडकीच्या दाराची जी जाडी असते ती आतली धरायची की बाहेरची, यावर आमटी निवेपर्यंत चर्चा झाली. दार उघडल्यावर घरात बसलेल्या माणसाला दिसते ती आतली, असं बाबांचं म्हणणं. "आणि दार मिटल्यावर?" मी विचारलं. "मिटल्यावर कुणालाच दिसत न्हाय," आई म्हणाली, "गप जेवा." शेवटी कडेला चॉकलेटी द्यायचं ठरलं, कारण तो डबा मोठा होता.

बाकीच्या खिडक्या कशाबशा उरकल्या. फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली होती, पण रंग नेमका वर्तमानपत्र संपतं तिथं सांडायचा. राहिली स्वयंपाकघराची खिडकी. तिची आतली बाजू आमच्या घरात होती आणि बाहेरची काकांच्या हद्दीत.

हे जरा सांगायला हवं. बाबा आणि मोठे काका जेऊर गावाकडचे. नोकऱ्या लागल्यावर दोघा भावांनी मिळून सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात प्लॉट घेतला, शेजारी शेजारी घरं बांधली आणि मध्ये एक बोळ सोडला, माणूस अंग चोरून जाईल एवढा. कागदावर बोळ काकांचा. पुढं बाबांनी नळाला मोटर लावली. आमच्या गावात पाणी काही रोज येत नाही, आणि ज्या दिवशी आलं त्या दिवशी काकांच्या नळातून नुसती हवा आली. मग काकांनीही मोटर लावली, आमच्याहून मोठी. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. एकाच गाडीवरून मेथी घेतात, पण एक जण पूर्वेकडं बघत आणि दुसरा पश्चिमेकडं.

आई आणि काकूंनी मात्र हे भांडण फारसं मनावर घेतलं नाही. दोघींच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या बोळात समोरासमोर. सकाळी कुकरच्या शिट्टीबरोबर त्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. शेंगाची चटणी इकडून तिकडं, कढी तिकडून इकडं. गजांमधून जातील अशाच वाट्या आईनं बाजारातून निवडून आणल्या होत्या. फोन दोघींकडं आहेत, पण काकूंच्या फोनशेजारी काका कान देऊन बसतात, आणि फोनमधून कढी जात नाही.

खरा पेच लग्नाचा होता. आमच्यात भावकीतल्या थोरल्याला त्याच्या घरी जाऊन, हातावर अक्षता ठेवून बोलवावं लागतं. बाबा म्हणायचे, "घरच्या कार्याला घरच्या माणसाला कसलं बोलावणं? त्याचं त्यानं यावं." काका म्हणायचे, "बोलावल्याबिगर मी यायचा न्हाय." हे काकू खिडकीतून सांगायच्या. पत्रिका देवापुढं ठेवून झाली, अक्कलकोटच्या लांबच्या मावशीकडं पोचली, पण बोळ काही ओलांडेना.

मला काका हवे होते. सायकल मला त्यांनी शिकवली. बाबा त्या वेळी फुटपाथवर उभं राहून नुसते "ब्रेक, ब्रेक" म्हणत होते. काका नसलेल्या मांडवात अंतरपाटामागं उभं राहायची माझी तयारी नव्हती. मी दोघांनाही तसं स्पष्ट सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोघेही आपापल्या खुर्चीत बसून राहिले.

तर ती खिडकी. दारं बोळात उघडणारी, आत लोखंडी गज. सरळ बोळात उतरून रंग दिला असता तर काम झटक्यात झालं असतं. पण त्यासाठी काकांच्या हद्दीत पाय टाकावा लागणार, आणि ते बाबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी आतूनच बाहेरची बाजू रंगवायचं ठरवलं. ब्रश धरलेला हात खांद्यापर्यंत गजांतून बाहेर, गाल गजाला चिकटलेला, डोळे आढ्याकडं. दिसत काहीच नव्हतं. मग आईला दाढीचा आरसा घेऊन शेजारच्या गजांतून हात बाहेर काढायला लावलं. आरशात दाराची बाहेरची बाजू दिसली, पण ब्रश भलतीकडंच जायला लागला. बाबा म्हणाले, "वर घे." आईनं वर घेतला. "तुजं वर न्हाय, माजं वर." मी हसून हसून ओट्यावर बसले.

तेवढ्यात आरशात काका उगवले. बोळाच्या तोंडाशी, हाताची घडी घालून, थोरल्या भावाला शोभेल अशा गंभीर चेहऱ्यानं हा सगळा कारभार बघत उभे. बाबांनी हात आत ओढला, दोन्ही दारं खाडकन ओढून घेतली आणि कडी घातली. रंग ओला होता. कडांना तर पोटभर पाजलेला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडेना. चौकट आणि दारं चिकटून एक झाली होती. बाबांनी आतून ढकललं, बुक्की मारली, मग काच फुटेल म्हणून आईनं त्यांना ओढून मागं घेतलं. काचेपलीकडं काकूंचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. आई हातातली वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मग ती वाटी तिनं ओट्यावर ठेवली, आणि मी तिला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं मिरच्या भाजायला घेतल्या. ठेचा करायचा आहे, म्हणाली. स्वयंपाकघराला दुसरी खिडकी नाही, त्यामुळे तो धूर हॉलमध्ये, देवघरात, माझ्या लग्नाच्या साड्यांत सगळीकडं गेला. बाबा खोकत खोकत बाहेर पळाले. संध्याकाळी पुन्हा ठेचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा ठेचा. खाणारं कुणी नव्हतं, बरणी भरत चालली होती. "किती ठेचा करणार?" बाबांनी डोळे पुसत विचारलं. "खिडकी उगडंपर्यंत," आई म्हणाली.

त्याच सकाळी खिडकीच्या कडेला बाहेरून खरखर सुरू झाली. बाबा हॉलच्या खिडकीच्या चौकटीवर बाहेरून चॉकलेटी रंगाचा दुसरा हात मारत होते, ते ब्रश टाकून आत आले. काचेपलीकडं काका होते. हातात पुट्टी लावायची पत्ती, ती दाराच्या फटीत घालून शांतपणे खालून वर चालवत होते. आमचा अंगणातला खोकला काकूंना ऐकवेना, म्हणून त्यांनीच काकांना पाठवलं होतं. बाबांनी आतून दाराला हात लावला. काका पत्ती फिरवायचे, थांबायचे, बाबा ढकलायचे. शेवटी दार सुटलं आणि दोघा भावांची तोंडं अचानक समोरासमोर आली, मध्ये फक्त गज.

आईनं वेळ दवडला नाही. फडताळातली अक्षतांची वाटी काढून बाबांच्या हातात कोंबली आणि त्यांचा हात गजांतून बाहेर ढकलला. काका मागं सरले. माझ्याकडं बघून म्हणाले, कारण धाकट्या भावजयीशी ते थेट बोलत नाहीत, "आईला सांग, खिडकीतनं घ्यायला मी काय दूधवाला हाय का? रीतसर दारातनं येऊ दे की."

बाबांनी आपल्या बनियनकडं पाहिलं. मग म्हणाले, "कपडे बदलून येतो."

"काय बदलू नका," आई म्हणाली. "आत गेला की तुमी परत भायेर यायचा न्हाय. असंच जावा."

बाबा गेले. भोकं पडलेला बनियन, गुडघ्यावर वळलेला पायजमा, हातात अक्षतांची वाटी. आमच्या फाटकातून रस्त्यावर, आणि रस्त्यावरून काकांच्या फाटकात. मागोमाग आई, आणि तिच्यामागं मी. लग्न माझं होतं, मी घरात कशी थांबणार.

काका दारात येऊन उभे होते. त्यांनी उजवा हात पुढं केला नाही. आधी विचारलं, "काय काम काढलं?"

"लग्नाला ये," बाबा म्हणाले.

"कुणाच्या?"

"पोरीच्या. माज्या."

काकांनी हात पाठीमागं नेला. काकू चौकटीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. मला वाटलं, संपलं सगळं. बाबा आता वाटी घेऊन परत फिरणार, आणि आयुष्यभर सांगत राहणार की मी तर गेलो होतो.

बाबा फिरले नाहीत. खाली बघत, कुणी घशातून ओढून काढावं तसं म्हणाले, "आपल्या पोरीच्या लग्नाला ये, दादा."

काकांनी ओंजळ पुढं केली. बाबांनी वाटीत बोटं घातली, अक्षता उचलल्या आणि ओंजळीवर हात झटकला. काहीच पडलं नाही. बोटं चॉकलेटी रंगानं बरबटलेली, त्यांना तांदूळ पक्के चिकटले होते. त्यांनी पुन्हा झटकला. पुन्हा काही नाही. बाबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

काकांनी त्यांचं मनगट धरलं. जवळ ओढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि भावाच्या बोटांवरचा एकेक दाणा नखानं सोडवून आपल्या तळहातावर घ्यायला लागले. कुणी घाई केली नाही.

"तुला रंग द्यायला येत न्हाय," काका म्हणाले.

"व्हय," बाबा म्हणाले.

लग्नात अजिबात रडायचं नाही, असं मी मैत्रिणींना ठासून सांगून ठेवलं होतं. लग्नाला अजून अवकाश होता, आणि मी काकूंच्या पायपुसण्यावर उभी राहून मोठमोठ्यानं रडत होते.