दाराबाहेरचे तेरा जोड

लपायचं की पळायचं, असा प्रश्न बहात्तराव्या वर्षी माझ्यापुढे येईल हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. त्यातून तेव्हा माझं देवाशी जरा बिनसलेलंच होतं. आमचे हे गेल्यापासून मी दिवा लावायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

मी अमेरिकेत, पार्सिपनीला, लेकीकडे राहते. रविवारी तिथल्या एका शाळेच्या खोल्या भाड्याने घेऊन आमची मराठी शाळा भरते, आणि लहानांचा, तळमजल्यावरचा वर्ग माझ्याकडे असतो. त्या रविवारी दसऱ्याचं पाटीपूजन होतं, म्हणून फक्त माझ्या वर्गातली तेरा मुलं लवकर आली होती. इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. पाटीवर सरस्वती काढली होती, झेंडू होता, निरांजन होतं. पूजेला बूट दाराबाहेरच, हा माझा जुना हट्ट.

आरती संपते न संपते तोच काच फुटल्याचा आवाज झाला, मग ठो, ठो. मला आपले फटाकेच वाटले! माझी नात इरा, नऊ वर्षांची, तिने झटकन दाराला कडी घातली, लाइट घालवला, पडदे ओढले. "आजी, ही ड्रिल नाहीये. कॉर्नरमध्ये बस. आणि प्लीज, बोलू नकोस!" मला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही, पण बसले. तेराही मुलं सवयीने कोपऱ्यात जाऊन बसली. शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं, याची ड्रिल इथे पोरांकडून वरचेवर करून घेतात.

"आजी, दिवा फुंक ना," इरा कुजबुजली. आता पूजेतला दिवा फुंकरीने कसा विझवायचा? हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. तेवढ्या क्षणात त्या उजेडात मला मुलांचे पाय दिसले. उघडे, इवले इवले. आणि एकदम आठवलं. तेरा जोड बूट दाराबाहेर रांगेत मांडलेले! आतून कितीही गप्प बसलो तरी बाहेर पाटी लावल्यासारखंच होतं की.

"खिडकीतून चला," मी म्हणाले.

"नो, आजी! टीचर म्हणते, हलायचं नाही."

"इरा, बूट बाहेर आहेत गं."

तिने दाराकडे बघितलं, आणि मग तिनेच खिडकी उघडली. एकेक लेकरू बाहेर उतरवलं. शेवटी मी. जिना चढताना रडणारा माझा गुडघा त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. मैदानातून अनवाणी धावलो, तेवढ्यात शाळेमागच्या एका घराचं दार उघडलं. गाऊनमधल्या त्या बाईंनी एक प्रश्न विचारला नाही, नुसतं हाताला धरून सगळ्यांना आत ओढलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त तळव्यांत काटे.

पोलिसांनी त्या बंदूकवाल्याला आमच्याच वर्गात पकडलं. संध्याकाळी एक पोलीसबाई पिशवी भरून बूट घेऊन आल्या. म्हणाल्या, "तो बूट बघून थांबला, दार फोडलं. आत फक्त तुमचा दिवा जळत होता."

मी कुणाला चमत्कार सांगत नाही बाई. इतकंच सांगते, माझा हात कुणीतरी धरला, आणि मी धरू दिला. मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं. त्याने तर मला खिडकीतून उडी मारायला लावली! त्या संध्याकाळी इतक्या महिन्यांनी मी देवाशी बोलले, आणि गप्प बसेचना.

यंदाच्या पाटीपूजनाला तेरापैकी तेरा मुलं आली. बूट काढलेच. पण आता ते आत, खिडकीखाली, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवतो. रांग लावायचं काम इराचं. आरतीला मुलं अशी काही ओरडली, की मागच्या घरातल्या बाई दारात येऊन टाळ्या वाजवायला लागल्या.