छतावरचा मुलगा

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे दुसरे सर हदगावकडचे आहेत. मुक्तपतन शिकवताना ते हातातला खडू सोडतात आणि जमिनीला लागायच्या आत दुसऱ्या हातानं झेलतात. पोरं हसतात, तेही हसतात.

यंदाच्या चाचणीचा पेपर मी काढला होता. छतावरून एक मुलगा पडतो, जमिनीवर पोचतानाचा त्याचा वेग काढा, असा एक प्रश्न होता. छापून आलेला गठ्ठा चाळून ते म्हणाले, "सर, पोराला खाली घ्या. दगड टाका."

"उत्तर तर तेच येणार."

"हाव. मग दगडानं काय बिघडून राहिलं?"

तेव्हा मला त्यांच्या वर्गातली ती मुलगी आठवली. तिचा भाऊ सेंट्रिंगच्या कामावर स्लॅबवरून पडून वारला होता. मी भेटायलाही गेलो होतो. तरी प्रश्न लिहिताना तो मला आठवला नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डबा तसाच ठेवून ते एकेका पेपरवर 'मुलगा' खोडून 'दगड' लिहू लागले. मीही पेन काढून शेजारी बसलो. माझा पहिला पेपर बघून ते हळूच म्हणाले, "गच्च खोडा, सर. खालचं तिला दिसायला न्हाई पाहिजे."